मोगऱ्याखालचा मुकुट

१

मुकुट सापडला तो क्लेमेंटीनच्याच वाडीत, विहिरीकाठच्या मोगऱ्याच्या बुंध्याशी. माती भुसभुशीत दिसली म्हणून कोणीतरी पायानेच उकरली आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मारियामातेचा सोन्याचा मुकुट वर आला. असेल मुठीत मावेल एवढा. पण तो घडवला तेव्हा आळीतल्या चाळीस बायकांनी हातातली एकेक बांगडी उतरवून दिली होती, त्यामुळे चाळीस घरांचा जीव त्यात अडकलेला.

तो नाहीसा झाल्याचं कळलं आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी. ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू झाला की मुकुट मातेच्या डोक्यावरून उतरवतात आणि चॅपेलमध्ये वेदीमागच्या कपाटात डबीत ठेवतात, तो थेट ईस्टरलाच बाहेर निघतो. शनिवारी पुतळ्यांवर घालायचे जांभळे कपडे काढायला म्हाताऱ्या बॅप्टिस्टने कपाट उघडलं. डबी होती, आत काही नव्हतं. कपाटाला कुलूप नाही, पण चॅपेलला आहे, आणि त्याच्या किल्ल्या तीन. एक चॅपेलची झाडलोट करणाऱ्या बॅप्टिस्टकडे, दुसरी समितीचा सचिव लेस्टरकडे. तिसरी क्लेमेंटीनकडे, कारण उपवासकाळात ती रोज दुपारी एकटीच येऊन बसते म्हणून फादरांनीच तिला दिलेली.

मग काय, रविवारची मिस्सेची प्रार्थना आटोपल्याबरोबर लेस्टर वीसेक माणसं घेऊन तिच्या वाडीत शिरला, सरळ विहिरीकडे गेला आणि मुकुट घेऊनच बाहेर पडला.

कुंपणापलीकडे मंदाताई आणि त्यांचा भाऊ देवेंद्र गुलछडीच्या जुड्या बांधत बसले होते. देवेंद्र कुरकुरत होता की उपवासकाळात या आळीत फुलाला कुत्रं विचारत नाही, बुधवारी एकट्या रोझलिनबाई दोन जुड्या घेऊन गेल्या तेवढ्याच. तेवढ्यात गलका ऐकू आला. मंदाताईंनी दोरा टाकला आणि सहासष्टाव्या वर्षी कुंपण ओलांडलं.

क्लेमेंटीन घराच्या पायरीवर दाराला पाठ लावून उभी होती. मोगऱ्यापासून चांगली पंधरा पावलं लांब, चेहरा पांढराफटक. एक बाई म्हणाली, बघा, चोरी पकडल्यावर कसा रंग उडाला.

"मोगरा फुललाय म्हणून उडालाय," मंदाताई म्हणाल्या. "गेली पंधरा वर्षं उडतोय. तुम्हाला आज दिसला."

२

मंदाताईंचं डोकं कसं चालतं ते आधी सांगायला हवं. विरारला मनाच्या आजारांच्या एका डॉक्टरांकडे त्यांनी एकतीस वर्षं केसपेपर लिहिले. माणसं कशाकशाला घाबरतात याचा त्यांच्याएवढा हिशेब वसईत कोणाकडे नसेल. शर्टाच्या बटणांना घाबरणारा एक बँकेतला साहेब होता, तो कुम्पुनोफोबिया. दाढीवाला दिसला की रस्ता ओलांडणारी नवरी, तिचा पोगोनोफोबिया. फुग्यांचा ग्लोबोफोबिया. लोक हसत, पण मंदाताई नाव लिहून कागद पेशंटसमोर धरत आणि म्हणत, हे घ्या, याला नाव आहे, म्हणजे तुमच्याआधी कोणालातरी हे झालेलं आहे. नुसत्या तेवढ्यावर कित्येक जण ढसाढसा रडत.

खुद्द मंदाताई कोंबडीला घाबरत. अलेक्टोरोफोबिया. साप काठीने उचलून टाकणारी ही बाई कोंबडीचं पिल्लू दिसलं तरी ओटा सोडत नसे, आणि हे सगळ्या आळीला ठाऊक होतं.

क्लेमेंटीनचा होता अँथोफोबिया, म्हणजे फुलांची भीती. आता फुलबागायतदाराच्या पोटी जन्मून फुलांना घाबरायचं, हे गावाने कसं खपवून घ्यावं? छत्तीस वर्षांची ही पोर आचोळ्याच्या शाळेत गणित शिकवते, दहावीच्या वांड मुलांना एका नजरेत गप्प करते. पण बाप वारला तेव्हा दफनाला ती कबरस्तानाच्या फाटकाबाहेर उभी राहिली, कारण आत हारांचा ढीग होता. ते गाव अजून विसरलेलं नाही. नंतर तिने वाडीतली अबोली, चाफा, जास्वंद सगळं काढून केळी लावल्या. आईच्या हातचा म्हणून एवढा मोगरा ठेवला आणि विहिरीला वळसा घालून जायला शिकली. चर्चची पायरी ती चढायची ती फक्त उपवासकाळात, वेदीवर फुलं नसतात म्हणून. आळीने तिचं नाव ठेवलं होतं 'चाळीस दिवसांची भक्तीण'.

तेच आता तिच्या अंगावर आलं. लेस्टर वाडीतच सगळ्यांसमोर शांतपणे म्हणाला की गुरुवारी मी हिला चॅपेलच्या कपाटाशी पाहिलंय, आणि फुलांची भीती खरी धरली तरी उपवासकाळात वेदीवर पाकळी नसते, मग भीती आड येतेच कुठे? आणि मोगऱ्याचं म्हणाल तर तिथे आपल्यावर संशय येणार नाही म्हणूनच बाईंनी तिथे पुरलं. आहे की नाही हुशारी? माणसांनी माना डोलावल्या.

लेस्टरने खिशातून टाइप केलेला कागद काढला. माफीपत्र. क्लेमेंटीनने सही करायची, आळी तिला क्षमा करणार, पोलिसांत जाणार नाही. संध्याकाळी पाच वाजता चॅपेलच्या अंगणात फादरांसमोर बैठक. सही झाली नाही तर तक्रार, आणि तक्रार झाली की शाळेतली नोकरी गेली हे कोणी सांगायला नको.

क्लेमेंटीनने कागद वाचला आणि घडी करून त्याला परत दिला.

"क्षमा चोराला करतात, लेस्टर. मला ती नको."

३

पाचला अजून सहा तास होते. मंदाताई पहिल्यांदा लेस्टरकडेच गेल्या. तो चॅपेलच्या ओट्यावर फोनवर कोणाला तरी राजोडीच्या समुद्राजवळची जागा विकत होता. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी आळीच्या टोकाला रिसॉर्ट काढायचं त्याच्या मनात दोन वर्षं होतं, आणि रस्ता आणि समुद्र यांच्यामध्ये क्लेमेंटीनच्या केळी उभ्या होत्या. तीनदा त्याने विचारलं, तीनदा तिने नाही म्हटलं.

मंदाताईंनी त्याला गुरुवारची हकिगत विचारली. त्याने तोंडी न सांगता समितीच्या कागदावरची आपली लेखी साक्षच वाचून दाखवली. गुरुवारी संत जोसेफचा सण, सगळी आळी मोठ्या चर्चच्या मिस्सेला गेलेली. चष्मा विसरला म्हणून पावणेपाचला तो एकटा परत आला. चॅपेलचं दार उघडं दिसलं. आत वेदीमागे कपाटाशी क्लेमेंटीन.

"वेदी अगदी मोकळी होती, वर काही नाही," तो म्हणाला, "म्हणून दारातून तिचे दोन्ही हात आणि हातातली डबी स्वच्छ दिसली. मी तसं लिहिलंय, सही केलीय."

वेदीवर खरंच काही नव्हतं ना, मंदाताईंनी पुन्हा विचारलं. लेस्टर हसला आणि दारावरच्या पाटीकडे बोट केलं. 'उपवासकाळात चॅपेलमध्ये फुले आणण्यास सक्त मनाई आहे. आदेशावरून, सचिव.' पाटी लावल्यापासून कोणाची टाप नव्हती.

बॅप्टिस्ट मागच्या बाजूला झाडू मारत होता. पंचाहत्तरीचा साधा माणूस, कधी कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण गुरुवारचं नाव काढताच त्याचा झाडू थांबला. गुरुवारी आपण चॅपेल उघडलंच नाही, असं तो म्हणाला. मंदाताई नुसत्या बघत राहिल्या, तेव्हा म्हणाला की उघडलं होतं, पण सकाळी थोडा वेळच, झाडायला. मग त्याला एकदम घंटेच्या दोराची गाठ बघायची आठवण झाली आणि तो गेला तो परत आला नाही.

एकतीस वर्षांत मंदाताईंनी खोटं बोलणारी पुष्कळ माणसं पाहिली होती. हा म्हातारा काहीतरी लपवत होता हे स्वच्छ होतं.

दुपारी त्या क्लेमेंटीनकडे पोचल्या तेव्हा ती वह्या तपासत बसली होती. लाल पेन धरलेलं, पण तासाभरात एकच वही झालेली. मंदाताईंनी तिच्यासमोर खुर्ची ओढली आणि सांगितलं की सगळं सांग, जे सांगायची लाज वाटते ते आधी.

क्लेमेंटीनने लाल पेनाला टोपण घातलं.

"मावशी, लेस्टर म्हणतो ते निम्मं खरं आहे. मी गुरुवारी गेले होते चॅपेलमध्ये."

४

मंदाताईंनी चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. पेशंटसमोर चेहरा कसा ठेवायचा हे त्यांना शिकवावं लागत नव्हतं.

क्लेमेंटीनने मान खाली घालून सांगितलं. शाळेतून आली आणि नेहमीसारखी साडेचारला चॅपेलला गेली. कुलूप काढलं, दार ढकललं, आणि उंबऱ्यातच तिला वास आला. गुलछडीचा. दाट, गोड, घशात उतरणारा. आत डोळे वर करून बघायचीही हिंमत झाली नाही, दार तसंच टाकून ती घरी पळाली आणि न्हाणीघरात जाऊन ओकली. कुलूप लावायला परत जायला तिला सहा वाजले, तेही नाकाला ओढणी बांधून.

मग हे सकाळी सगळ्यांसमोर का नाही सांगितलंस, असं मंदाताईंनी विचारलं. तेव्हा इतका वेळ रोखून धरलेलं रडू तिला आवरेना.

"काय सांगू? उपवासकाळात चॅपेलमध्ये गुलछडी होती म्हणून? फुलं नव्हती, मावशी. असूच शकत नाहीत. ते चाळीस दिवस माझे आहेत, तेवढे चाळीस दिवस मी सगळ्यांसारखी असते. आता मला नसलेल्या फुलांचाही वास यायला लागला. मला चोरीच्या आळाची नाही भीती वाटत. माझं डोकं फिरत चाललंय याची वाटते."

मंदाताईंना सकाळची देवेंद्रची कुरकुर आठवत होती. बुधवारी एकट्या रोझलिनबाई दोन जुड्या घेऊन गेल्या.

त्या ताडकन उठल्या. म्हणाल्या, डोकं तुझं ठणठणीत आहे, नाकही. वह्या तपास, पाचला अंगणात ये, आणि त्या कागदावर सही केलीस तर माझ्याशी गाठ आहे.

५

रोझलिनबाई लेस्टरची आई. आणि रोझलिनबाईंच्या अंगणात कोंबड्या, एकदोन नव्हे, अकरा.

फाटकापाशी मंदाताईंचे पाय जमिनीला चिकटले. लाल तुऱ्याचा एक कोंबडा मान वाकडी करून त्यांच्याकडे बघत होता. पाठीला घाम सुटला. हाक मारली तर रोझलिनबाईंना कमी ऐकू येतं. फोन करावा तर ही गोष्ट फोनवर विचारायची नव्हती. मंदाताईंच्या मनात आलं, ती पोर नाकाला ओढणी बांधून कुलूप लावायला परत गेली, आणि मी इथे उभी? त्यांनी फाटक उघडलं. मोठ्याने "अलेक्टोरोफोबिया, अलेक्टोरोफोबिया" म्हणत, पदर गच्च आवळून त्या अकराही कोंबड्यांमधून चालत गेल्या. ओट्यावर पोचल्यावर त्या धपकन खाली बसल्या.

रोझलिनबाईंनी पाणी दिलं. माहेर कोळीवाड्यातलं, बहात्तराव्या वर्षीही बोलणं तिथलंच. गुलछडीचं विचारल्यावर त्या आधी सावध झाल्या, मग म्हणाल्या, फादरांनीच सांगितलेलं हाये, संत जोसेफच्या दिवशी उपवासकाळातसुद्धा फुलं चालतात. लेस्टरच्या पाटीत ते नाय. म्हनून सकाळी गुपचूप बॅप्टिस्टकडून दार उघडून घेतलं, वेदीवर पितळेच्या दोन उंच फुलदाण्या भरून ठेवल्या, एरवी तो दुपारच्या आधीच काढतो, या वर्षाला राहिल्या, आणि शुक्रवारी सकाळी क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेआधी त्याने काढून टाकल्या. कोनाला कळलं नाय.

म्हणजे म्हाताऱ्याने लपवलं ते एवढंच.

फुलं कशासाठी, हे मंदाताईंनी विचारलं नाही. भिंतीवर रोझलिनबाईंच्या नवऱ्याचा फोटो होता आणि त्याखाली त्याचा रंधा. तो सुतार होता, आणि संत जोसेफही सुतारच.

मग मंदाताईंनी सगळं सांगितलं. लेस्टरची साक्ष, मोकळी वेदी, पाच वाजताची बैठक. या बाईचा हा एकुलता एक मुलगा आहे हे ठाऊक असूनही सांगितलं आणि सांगताना त्यांना स्वतःचा राग आला. रोझलिनबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग उठून कोंबड्यांना आत कोंडलं, म्हणजे मंदाताईंना जाता यावं.

६

पाच वाजता अंगण भरलं होतं. फादर मधल्या खुर्चीवर, टेबलावर मुकुट आणि शेजारी माफीपत्र. क्लेमेंटीन शाळेत जाते तशी इस्त्रीची साडी नेसून आली होती. रोझलिनबाईंची खुर्ची रिकामी होती.

लेस्टर तयारीने आला होता. त्याच्या ओंजळीत मोगऱ्याच्या कळ्या होत्या. भीती खरी का खोटी, आत्ताच बघूया, असं म्हणून तो क्लेमेंटीनकडे निघाला. ती मागे सरली, भिंतीला टेकली, पण पळाली नाही. मंदाताई मध्ये येऊन उभ्या राहिल्या.

"ती परीक्षेला बसणार नाही," त्या म्हणाल्या. "तिची भीती खरी की खोटी, हे मला सिद्ध करायचंच नाहीये. परीक्षा तुझी आहे. साक्ष वाच."

लेस्टरने फादरांकडे पाहिलं. फादरांनी मान हलवली, तेव्हा त्याने कळ्या टेबलावर ठेवून वाचलं. गुरुवार. पावणेपाच. वेदी अगदी मोकळी. मंदाताईंनी त्याला शेवटचं वाक्य दोनदा वाचायला लावलं आणि विचारलं की दिवस चुकला असेल का? लेस्टर ठामपणे नाही म्हणाला. सण होता, मिस्सेतून चष्म्यासाठी आलो, दिवस चुकेलच कसा?

"गुरुवारी या वेदीवर गुलछडीच्या दोन उंच फुलदाण्या होत्या, सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत," मंदाताई म्हणाल्या. "दारात उभं राहिलं तर मागचं कपाट दिसतच नाही, हात आणि डबी कुठली दिसायला. आणि आत डोकावलेल्या माणसाला त्या वासाचा विसर पडणार नाही. तू लिहिलंस ते या चॅपेलमधलं नाही, लेस्टर, तुझ्या पाटीवरचं आहे."

अंगणात कुजबुज झाली. लेस्टर हसला. उपवासकाळात फुलं? कोणी ठेवली, नाव सांगा.

मंदाताईंनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. नाव घ्यायचा हक्क आपला नाही असं त्यांना वाटलं. लेस्टर फादरांकडे वळून म्हणाला, बघा.

"मी ठेवली."

रोझलिनबाई फाटकात उभ्या होत्या. लाल लुगडं, सणाचं. दोन्ही हातांत पितळेची एकेक फुलदाणी, रिकामी. त्या सावकाश चालत आल्या आणि फुलदाण्या मुकुटाच्या दोन्ही बाजूंना ठेवल्या.

"तुझ्या बापासाठी ठेवते. दर वर्षाला, संत जोसेफच्या दिवशी. त्याला जाऊन सोळा वर्षं झाली. तुला ठाऊक नाय, कारन तू कधी इचारलं नायस. पाटी मात्र लावलीस."

मागून बॅप्टिस्ट पुढे आला आणि चाचरत म्हणाला की दार आपण उघडलं, फुलंही आपणच काढली, खोटं बोललो ते पाटीच्या धाकाने. फादर म्हणाले की त्या सणाला फुलं चालतात, हे आपण दर वर्षी प्रवचनात सांगतो. सचिवांनी ऐकलेलं दिसत नाही.

मग मंदाताईंनी उरलेलं मांडलं. गुरुवारी लेस्टर चॅपेलमध्ये आलाच नव्हता. म्हणजे त्याने क्लेमेंटीनला पाहिलं नाही, आणि तरीही मुकुट तिने घेतला असं लिहून दिलं. किल्ल्या तीन. बॅप्टिस्टने चोरी केली असती तर शनिवारी स्वतःहून रिकामी डबी दाखवली नसती, हरवल्याचं ईस्टरपर्यंत कोणाला कळलं नसतं. आणि सकाळी वीस माणसांना त्या एवढ्या मोठ्या केळीच्या बागेतून, इकडेतिकडे न बघता, सरळ मोगऱ्यापाशी कोण घेऊन गेलं? ज्याला ही वाडी हवी आहे तो. चोर ठरलेली बाई गाव सोडून जाते आणि जाताना जमीन विकते.

"आई," लेस्टर म्हणाला. तो खुर्चीत बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. नाही असं तो एकदाही म्हणाला नाही.

७

शेवटी आळीने करायचं तेच केलं. कोणीतरी म्हणालं, झालं गेलं, क्लेमेंटीनने आता मन मोठं करावं. दुसऱ्याने तर तिच्या सत्कारासाठी पुष्पगुच्छ आणायची सूचना मांडली, तेव्हा मंदाताईंनी कपाळावर हात मारून घेतला.

क्लेमेंटीन टेबलापाशी आली. मोगऱ्याच्या कळ्या तिथेच पडल्या होत्या, तिच्यापासून हातभर अंतरावर. तिचा श्वास जोरात चालला होता. तिने माफीपत्र उचललं, उलटं केलं आणि कोरी बाजू लेस्टरसमोर ठेवली.

"काय केलंस ते तुझ्या हाताने इथे लिही आणि तुझ्या पाटीच्या जागी लाव. ईस्टरपर्यंत ते तिथे राहील. मग क्षमेचं बघू."

त्याने लिहिलं. रोझलिनबाई शेजारी उभ्या राहून प्रत्येक ओळ वाचत होत्या.

फादर अवघडून म्हणाले की ईस्टरला चॅपेलमध्ये फुलं नकोत, तुझ्यासाठी एक वर्ष नुसत्या मेणबत्त्या लावू. सगळ्यांनी होकार दिला. सकाळी चोर म्हणणाऱ्या बाईनेही दिला.

क्लेमेंटीन नाही म्हणाली. "फुलं ठेवा. मारियामातेला आवडतात, रोझलिनमावशींना आवडतात. मला भीती वाटते, ती माझी आहे, तिला नाव आहे आणि मी ती लपवणार नाही. मी इथे अंगणात बसेन. तुम्ही दार उघडं ठेवा आणि मला एक खुर्ची द्या."

ईस्टरच्या सकाळी चॅपेल गुलछडीने भरलं होतं आणि माता मुकुट घालून उभी होती. अंगणात, वास पोचणार नाही अशा वाऱ्याच्या उलट बाजूला, दोन खुर्च्या मांडल्या होत्या, कारण रोझलिनबाईंनी घरून दुसरी आणली होती. मिस्सा संपेपर्यंत त्या क्लेमेंटीनशेजारी बसून राहिल्या, आत गेल्या नाहीत.